भूकंपाची चाहूल आभाळात लागते का?

चिपळूणच्या आमच्या घरात धक्क्याची पहिली खबर मांडणीवरची भांडी देतात. ताटल्या किणकिणतात, टांगलेला दिवा किंचित हेलकावतो, आणि कोणी "धक्का!" म्हणेपर्यंत सगळे शांत होते. घाटाच्या पलीकडे कोयनेचे धरण आहे. १९६२ साली त्यात पाणी साठू लागल्यापासून या पट्ट्यात लहान-मोठे हजारो धक्के नोंदले गेले असून त्यांपैकी पाच किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे सुमारे २२ आहेत. सर्वांत मोठा धक्का ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे बसला. त्याची तीव्रता ६.३ होती आणि त्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. धरणाच्या जलाशयामुळे चाळवल्या गेलेल्या भूकंपांमध्ये जगात आजही त्याचेच नाव सर्वांत आधी घेतले जाते.

आमच्या शेजारच्या मावशी तेव्हा नव्यानेच लग्न होऊन आलेल्या होत्या. त्या दिवसाची आठवण काढली की त्या हमखास एक गोष्ट सांगतात. "अरे, मार्गशीर्ष चालू होता, पण वैशाखासारखं उकडत होतं. आणि तिन्हीसांजेला खाडीच्या अंगाला आभाळ असं तांबडंलाल झालेलं, की सासूबाई म्हणाल्या, हे काही बरं लक्षण नव्हे." अलीकडे याच समजुतीला मोबाइलची जोड मिळाली आहे. समुद्रावर एखादा लांबच लांब, सरळ रेषेत पसरलेला ढग दिसला की त्याचे छायाचित्र "भूकंपाचा ढग" म्हणून गावभर फिरते. दोन-तीन ओळखीच्या घरांतून मला या छायाचित्रांविषयी विचारणा झाली, म्हणून हा विषय जरा नीट मांडावा असे वाटले. मावशींचा प्रश्न जुना आहे आणि तो गंभीरपणे घ्यावा असाच आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने वायू, अग्नी, इंद्र आणि वरुण अशी भूकंपाची चार मंडळे मानून त्या प्रत्येकाची आकाशातील लक्षणे सांगितली होती, आणि आज चीन, रशिया, जपान, अमेरिका, इटली या देशांतील संशोधक उपग्रहांच्या साहाय्याने जवळपास तेच शोधत आहेत.

जमिनीखाली पाच-दहा किलोमीटरवर खडकावर ताण साठत असेल, तर त्याचा आभाळाशी संबंध येईलच कसा, हे आधी पाहू. सर्वांत जास्त चर्चा झालेला दुवा रेडॉन वायूचा आहे. खडकात अत्यल्प प्रमाणात युरेनियम असते. त्याचे विघटन होत होत रेडियम आणि पुढे रेडॉन तयार होतो. हा वायू रंगहीन, गंधहीन आणि किरणोत्सारी असून तयार झालेल्यापैकी निम्मा रेडॉन ३.८ दिवसांत नाहीसा होतो. खडक ताणाखाली आला की त्यात केसाएवढ्या बारीक भेगा पडतात आणि कोंडलेला रेडॉन त्यांतून निसटतो. त्याच्या किरणोत्सारामुळे जमिनीलगतच्या हवेत विद्युतभारित कण, म्हणजे आयन, वाढतात. आयनांभोवती बाष्प गोळा होते. बाष्प असे बांधले जाताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे हवा किंचित तापते, आर्द्रता किंचित घटते आणि हवेची विद्युतवाहकता बदलते. हा विद्युत बदल वर वर जात साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढे सुरू होणाऱ्या आयनांबरापर्यंत, म्हणजे विद्युतभारित कणांनी भरलेल्या हवेच्या वरच्या थरापर्यंत, पोहोचतो, असे सर्गेई पुलिनेट्स आणि त्यांच्यासारख्या संशोधकांचे म्हणणे आहे. जमीन, हवा आणि आयनांबर यांना एका साखळीत बांधणारी ही कल्पना आहे. फ्रीडेमान फ्रॉइंड या संशोधकांनी दुसरी वाट दाखवली. काही खडक जोराने दाबले की त्यांच्या स्फटिकांत सुप्त असलेले धनभार मोकळे होतात आणि ते खडकातून वाहत पृष्ठभागापर्यंत येऊ शकतात, हे त्यांनी प्रयोगशाळेत दाखवले.

यातील एकेक कडी सुटी घेतली, तर भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्यात अशक्य असे काही नाही, आणि म्हणूनच मी या संशोधनाला थोतांड म्हणणार नाही. अडचण येते ती प्रमाणाची. मातीतून रेडॉन आपोआप झिरपतो तो मीटर-दोन मीटर अंतर. पाच किलोमीटर खोलीवरचा रेडॉन केवळ झिरपत वर यायचा म्हटला, तर वाटेतच त्याचे विघटन होऊन जाईल. वर मोजला जाणारा रेडॉन वरच्या थरातलाच असतो, किंवा मग भेगांमधून जोराने वर येणारे पाणी अथवा दुसरा एखादा वायू त्याला आपल्याबरोबर घेऊन येतो. म्हणून रेडॉन मोजायला उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, ही चांगली जागा मानली जाते, आणि त्या बाबतीत कोकण श्रीमंत आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून महाडजवळचे सव, दापोलीकडचे उन्हवरे, संगमेश्वराजवळचे तुरळ-राजवाडी आणि राजापूरचे उन्हाळे अशी ही माळ किनाऱ्याला समांतर लागून गेलेली आहे. मात्र आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, युरेनियमच्या बाबतीत गरीब आहे. ग्रॅनाइटच्या मुलखात जितका रेडॉन मिळतो तितका येथे मिळत नाही.

जपानमधील कोबे शहराला १७ जानेवारी १९९५ रोजी भूकंपाने उद्ध्वस्त केले. त्याआधीच्या काही आठवड्यांत जवळच्या एका विहिरीतील पाण्यात रेडॉन कित्येक पटींनी वाढला होता आणि भूकंपानंतर तो खाली आला. १९६६च्या ताश्कंद भूकंपाआधीही विहिरीच्या पाण्यात अशी वाढ नोंदली गेली होती. या नोंदी खऱ्या आहेत. पण त्यांच्या शेजारी दुसऱ्या नोंदी ठेवल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही: रेडॉन वाढला आणि काहीच झाले नाही असे किती वेळा घडले, आणि रेडॉन जागचा न हलता भूकंप आला असे किती वेळा घडले?

रेडॉन वाढायला भूकंपच लागतो असेही नाही. आपल्या किनाऱ्यावरची साधी रात्र घ्या. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, आणि समुद्रावरच्या हवेत रेडॉन जवळजवळ नसतोच. रात्री वारा उलटतो. मतलई वारे जमिनीवरची हवा समुद्राकडे लोटतात आणि त्या हवेत मातीतून निघालेला रेडॉन मिसळलेला असतो. पहाटे जमीन थंड पडली की थंड हवेचा थर खाली बसतो, त्यात हा वायू कोंडतो आणि आकडा आणखी चढतो. हवेचा दाब उतरला की मातीतून जास्त वायू बाहेर येतो. मृगाचा पाऊस पडून जांभ्याची छिद्रे पाण्याने भरली की तो अडतो, पण त्याच पावसाबरोबर हवेतील रेडॉनची किरणोत्सारी अपत्ये खाली धुऊन येतात आणि जमिनीलगतच्या किरणोत्साराचा आकडा तासाभरापुरता वाढलेला दिसतो. खारे आणि मतलई वारे, ओहोटीबरोबर हलणारे विहिरीचे पाणी, चार महिन्यांचा पाऊस आणि त्यानंतरचा ऑक्टोबरचा उन्हाळा हे सारे बाजूला काढल्यानंतर जे उरेल, ते भूकंपाचे म्हणता येईल. हे बाजूला काढणे हेच या क्षेत्रातले खरे काम आहे.

मावशींच्या उकाड्यालाही येथेच उत्तर सापडते. किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत पूर्वेचा कोरडा वारा जोर धरून राहिला की समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो आणि दुपारचा पारा चांगलाच चढतो. मार्गशीर्षात असे दिवस दर वर्षी येतात. ज्या वर्षी त्यांच्या मागोमाग काही घडले नाही, त्या वर्षीचा उकाडा कोणाच्या लक्षात राहिला नाही. मावशी खोटे सांगत नाहीत. घर हलले त्या पहाटेच्या आधीचा दिवस त्यांच्या मनात कायमचा कोरला गेला, आणि तसे होणे माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे.

उपग्रहाच्या डोळ्यालाही असाच चकवा होऊ शकतो. २६ जानेवारी २००१ रोजी भूज हादरले. त्याआधीच्या दिवसांत त्या भागातील जमिनीचे तापमान नेहमीपेक्षा काही अंशांनी वाढल्याचे उपग्रहांच्या अवरक्त, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या, चित्रांत दिसले, असे भारतीय संशोधकांनी मांडले आणि जगभर त्याची चर्चा झाली. पुढे २०११ साली अनेक वर्षांची तीच आकडेवारी पुन्हा तपासली गेली. उपग्रहाला ढगाखालची जमीन दिसत नाही, त्यामुळे तो भाग चित्रात रिकामा राहतो. अनेक दिवसांची चित्रे जोडून सरासरी काढताना अशा रिकाम्या जागा कोठे आणि किती आहेत, यावरही एखादा भाग खोटाच तापलेला दिसू शकतो. फेरतपासणीत नेमका हाच दोष पुढे आला. पहिल्या संशोधकांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे येथे काहीच कारण नाही. घटना घडून गेल्यावर मागे वळून खूण शोधायला बसले की डोळ्यांना ती सापडतेच, म्हणून शोध घेण्याची पद्धत आधीच ठरवून घ्यावी लागते.

या संदर्भात आपल्या रायगड जिल्ह्यातली एक गोष्ट आठवते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले, आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार हे ओळखून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या इमारतीत चुंबकाला प्रतिसाद देणारी सामग्री कटाक्षाने टाळण्यात आली. दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांचा मेळ बसवण्यात आला आणि मगच कुलाब्याचे काम थांबले. अलिबागची नोंद आजही अखंड चालू आहे. एका ट्रामसाठी एवढी काळजी घ्यावी लागते हे ज्याने समजून घेतले, त्याला पुढची घटना लगेच उमगेल. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा येथे ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्रापासून सात किलोमीटरवर एक चुंबकीय यंत्र योगायोगाने चालू होते, आणि भूकंपाच्या सुमारे तीन तास आधी त्याच्या नोंदीत मोठी उसळी आलेली होती. पुढची वीस वर्षे हा या क्षेत्रातला सर्वांत भक्कम पुरावा समजला गेला. २००९ साली दूरच्या इतर केंद्रांच्या नोंदींशी ताडून पाहिले असता ही उसळी बहुधा यंत्रातील बिघाडाची होती, असा निष्कर्ष निघाला. दुसरे यंत्र जवळ नव्हते, आणि एकाच साक्षीदारावर सगळी इमारत उभी राहिली होती.

आता थोडे गणित, कारण ते केल्याशिवाय या विषयात कोणावर विश्वास ठेवायचा हे ठरवता येत नाही. समजा एखाद्याने नियम केला की हवेत विचित्र खूण दिसल्यापासून पुढच्या पंधरा दिवसांत पाचशे किलोमीटरच्या आत भूकंप होईल. अशी खूण महिन्यातून एकदा दिसते असे धरू. म्हणजे वर्षातले निम्मे दिवस इशारा चालूच राहणार. भूकंप कधीही, अगदी मनाला येईल तसे आले, तरी त्यांपैकी निम्मे इशाऱ्याच्या दिवसांतच पडतील आणि भाकीत करणारा "निम्म्या वेळा बरोबर" ठरेल. चिपळूणभोवती पाचशे किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्यात कोयना येते, २०१८च्या नोव्हेंबरपासून सतत हादरत राहिलेले डहाणू-तलासरी येते, किल्लारी येते आणि दक्षिण गुजरातही येतो. तीन तीव्रतेचा धक्काही मोजायचा असे ठरवले, तर खूण चुकणे जवळजवळ अशक्यच. जगाचा विचार केला तर सहा किंवा अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला शंभर ते दीडशे होतात, म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी एक. एखाद्या ढगाचे छायाचित्र टाकून "येत्या आठवड्यात मोठा भूकंप" असे लिहिणाऱ्याला चूक ठरण्याची वेळ क्वचितच येते.

खरे भाकीत कुठे, केव्हा आणि किती मोठा हे आधी सांगते, आणि चुकलेल्या वेळांचाही हिशेब ठेवते. ४ फेब्रुवारी १९७५ रोजी चीनमधील हाइचेंग येथे भूकंपाआधी लोकांना घराबाहेर काढण्यात आले, हे यशाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितले जाते. तेथे मोठ्या धक्क्याआधी लहान धक्क्यांची रांग लागली होती आणि निर्णयाला मुख्य आधार तिचाच होता. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ रोजी, तांगशानला कोणताही इशारा न मिळता सुमारे अडीच लाख माणसे मेली. कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड येथे १९९३च्या आत सहा तीव्रतेचा भूकंप येईल असा अंदाज बांधून शास्त्रज्ञांनी तो सगळा भाग यंत्रांनी भरून टाकला. भूकंप २००४ साली आला, आणि एवढ्या यंत्रांपैकी एकानेही भरवशाची आगाऊ खूण पकडली नाही.

मग आयनांबराचे काय? फ्रान्सचा डेमेटर हा उपग्रह २००४ ते २०१० या काळात खास यासाठी फिरत होता आणि २०१८ साली चीनने याच कामासाठी झांगहेंग हा उपग्रह सोडला. डेमेटरच्या हजारो नोंदी एकत्र केल्यावर, उथळ भूकंपांच्या आधीच्या चार तासांत रात्रीच्या एका विशिष्ट रेडिओ लहरीची तीव्रता किंचित घटलेली आढळली. हा परिणाम शेकडो भूकंपांची सरासरी काढली तरच दिसतो, एखाद्या ठरावीक भूकंपाबद्दल त्यावरून काहीच सांगता येत नाही. तरीही त्या सरासरीत काहीतरी आहे, आणि ते शोधत राहणे योग्यच आहे असे मला वाटते. ११ मार्च २०११च्या जपानच्या ९.० तीव्रतेच्या भूकंपाआधी सुमारे ४० मिनिटे आयनांबरातील इलेक्ट्रॉन वाढू लागले होते, असे जपानचे कोसुके हेकी यांनी जीपीएसच्या नोंदींवरून दाखवले. त्यावरचा आक्षेप समजून घेण्याजोगा आहे. वाढ मोजायची तर "नेहमीची पातळी" कोणती हे आधी ठरवावे लागते, आणि ती रेषा भूकंपानंतरच्या आकड्यांचाही आधार घेऊन काढली होती. भूकंप आणि त्सुनामीनंतर आयनांबरात खळगा पडला. खळग्याच्या तळाशी धरून दोरी ताणली, तर अलीकडची सपाट जमीनही उंचवट्यासारखी दिसते. हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार हरकत मात्र वेगळीच आहे. खडकावरच्या ताणात सर्वांत मोठा बदल होतो तो प्रत्यक्ष भूकंपाच्या क्षणी. ताणाच्या आधीच्या बारीक बदलाने जर आभाळ ढवळून निघत असेल, तर त्या क्षणी त्याच यंत्रांवर त्याहून कितीतरी मोठी खूण उमटायला हवी, आणि बहुतेक ठिकाणी ती उमटलेली दिसत नाही.

भूकंप झाल्यानंतरची आभाळातील खूण मात्र निर्विवाद आहे. जमीन किंवा समुद्रतळ वर-खाली हलला की तो वरची हवा ढोलाच्या चामड्यासारखी ढकलतो. त्यातून उठलेली ध्वनिलहर वर जाते. हवा विरळ होत जाते तशी ती लहर मोठी होत जाते आणि आठ-दहा मिनिटांत आयनांबरात पोहोचते. जीपीएस उपग्रहाकडून येणारे संदेश तेथूनच खाली येत असल्यामुळे त्यांच्या वेळेत होणाऱ्या सूक्ष्म फरकावरून ती लहर मोजता येते. खुल्या समुद्रात त्सुनामी उंचीने नगण्य असली, तरी शेकडो किलोमीटर लांबीचे पाणी एकदम उचलत असते, म्हणून तिच्या डोक्यावरही हवेच्या लाटा उठतात आणि तिच्याबरोबर पुढे सरकतात. २०२५च्या जुलैमध्ये कामचात्काजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा नासाच्या गार्डियन या प्रणालीने आयनांबरातील ही खळबळ वीसेक मिनिटांत पकडली आणि हवाई बेटांवर लाट पोहोचण्याच्या सुमारे अर्धा तास आधी त्सुनामी निघाल्याची खूण तिला मिळालेली होती.

जमिनीवरच्या धक्क्यासाठी या आठ मिनिटांचा काहीच उपयोग नाही. कोयनेच्या परिसरात धक्का बसला, तर नुकसान करणारी आडवी लहर सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वेगाने तीसेक किलोमीटरवरच्या चिपळूणला आठ-नऊ सेकंदांत येते आणि रत्नागिरीला अठरा-एकोणीस सेकंदांत. केंद्राजवळच्या यंत्राने पहिली वेगवान लहर ओळखून इशारा द्यायला पाच सेकंद घेतले, तर चिपळूणला तीन-चार सेकंद उरतात, रत्नागिरीला तेरा-चौदा आणि दोनशे किलोमीटरवरच्या मुंबईला पाऊण मिनिटाहून अधिक. जपानमध्ये २००७पासून सर्वांसाठी चालू असलेली व्यवस्था हेच करते. हे भाकीत नव्हे. भूकंप सुरू झालेला असतो, फक्त त्याची बातमी लहरीच्या पुढे धावते. कोयनेत भूकंप नेमका कसा जन्मतो हे जवळून पाहण्यासाठी गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवरही खोदण्यात आले आहे. चिपळूणच्या प्रश्नाचे उत्तर मिळालेच, तर ते आधी त्या विवरातून मिळेल असे मला वाटते.

किनाऱ्यावरच्या गावांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तेथे आभाळाची खूण कामी येऊ शकते. पाकिस्तान आणि इराणच्या किनाऱ्यालगत मकरानचा पट्टा आहे, जेथे पृथ्वीच्या कवचाचा अरबी भूपट्ट युरेशियाच्या भूपट्टाखाली शिरतो. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी, आपल्या घड्याळात पहाटेचे साडेतीन वाजण्याच्या सुमारास, तेथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. सकाळी आठच्या पुढे त्याची लाट मुंबईला पोहोचली आणि तेथेही माणसे वाहून गेली. तेव्हा हिंदी महासागरात इशारा देणारी कोणतीही व्यवस्था नव्हती. २००७पासून हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेतील केंद्र भूकंपमापके, भरती-ओहोटीची यंत्रे आणि समुद्रतळावरचे दाबमापक यांच्या आधारे हे काम करते. आयनांबराची नोंद ही या साक्षीदारांत आणखी एक भर ठरू शकते, विशेषतः खोल समुद्रात जेथे यंत्रे विरळ आहेत तेथे. पहाटे साडेतीनला मकरान हलले, तर पावणेचारच्या आत त्याची लहर आयनांबरात पोहोचलेली असते. हर्णैच्या पुळणीवर सकाळचा मासळीचा लिलाव भरायला तेव्हा तीन-चार तास अवकाश असतो.